छोट्या सॉफ्टवेअर टीमसाठी अ‍ॅजाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅजाइल म्हणजे काम लहान तुकड्यांत पुरं करून वापरणाऱ्याला दाखवायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं, अशी काम करण्याची रीत. हे प्रश्न दोन ते सात-आठ जणांच्या टीमचे आहेत. अशा टीममधल्या बऱ्याच जणांनी स्क्रम (ठरावीक मुदतीच्या फेऱ्या, मीटिंगा आणि जबाबदाऱ्या असलेली अ‍ॅजाइलची एक पद्धत) मोठ्या कंपनीत पाहिलेला असतो. तोच साचा चार माणसांवर बसवायला गेलं की आठवड्याचा मोठा भाग मीटिंगांत जातो. मग वैतागून सगळंच सोडून दिलं जातं आणि गाडी पुन्हा फोन येईल तसं काम करण्यावर येते. या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. मीटिंगा, पदं आणि कागदपत्रं छोट्या टीमने बिनधास्त कमी करावीत. पण हातातलं काम पुरं करून वापरणाऱ्यापुढे ठेवण्याची शिस्त कमी करू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढची उत्तरं त्याच भूमिकेतून दिली आहेत.

आम्ही चारच जण आहोत, दिवसभर एकमेकांशी बोलतो. आम्हाला अ‍ॅजाइल कशाला हवं?

समन्वयासाठी फारसं नको. चार माणसांमध्ये बोलणाऱ्या जोड्या ६ होतात, दहा माणसांमध्ये ४५. मोठ्या टीममधल्या कितीतरी मीटिंगा या ४५ जोड्या सांभाळण्यासाठी असतात. तो प्रश्न तुम्हाला नाही.

तुमचे प्रश्न वेगळे आहेत. एक जण आजारी पडला की पाव टीम जाते. पेमेंटचा कोड एकालाच कळतो. क्लायंट ज्याचा नंबर त्याच्याकडे आहे त्याला थेट काम सांगतो. सुरू केलेली कामं पंधरा आणि संपलेली दोन, अशी स्थिती महिनोन्महिने राहते. यावर अ‍ॅजाइल पद्धतींमध्ये चांगले उपाय आहेत.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं आहेत. स्टँडअप (रोजची छोटी भेट), स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण), बर्नडाउन चार्ट (उरलेल्या कामाचा आलेख) यांतलं काहीही त्यात नाही. चालणारं सॉफ्टवेअर वारंवार द्या, व्यवसायाची बाजू सांभाळणाऱ्यांसोबत रोज काम करा, ठरावीक काळाने थांबून आपली पद्धत तपासा, या धर्तीच्या गोष्टी आहेत. त्या दोन माणसांनाही पाळता येतात.

स्क्रम जसाच्या तसा पाळला तर काय बिघडतं?

हिशेब करून बघा. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेनुसार एक महिन्याच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीत) प्लॅनिंगला जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यूला (झालेलं काम दाखवण्याला) ४, रेट्रोस्पेक्टिव्हला (आपली पद्धत तपासण्याला) ३ आणि रोजच्या भेटीला १५ मिनिटं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटसाठी पहिल्या तिन्हींचे निम्मे धरले तर साडेसात तास होतात, शिवाय रोजच्या भेटीचे अडीच. म्हणजे माणशी दहा तास, चौघांचे मिळून चाळीस. दर दोन आठवड्यांत एका माणसाचा पूर्ण आठवडा गेला. ही कमाल मर्यादा आहे, तेवढा वेळ वापरलाच पाहिजे असं गाइड म्हणत नाही. पण कॅलेंडरवर चार तासांचा चौकोन आखला की तो भरतो, हे कुठल्याही टीममध्ये दिसतं.

चौघांना प्लॅनिंगला एक ते दीड तास पुरतो आणि रिव्ह्यू व रेट्रो मिळून तेवढाच. स्क्रमचे काही भाग गाळले तर जे उरतं त्याला स्क्रम म्हणता येणार नाही, असं गाइडमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. मग म्हणू नका. नावासाठी कुणी अडून बसलेलं नाही.

मग स्क्रम घ्यावा की कानबान?

काम कसं येतं ते आधी पाहा. तुम्ही एक प्रॉडक्ट बांधताय, पुढच्या दोन आठवड्यांत काय करायचं ते आज ठरवता येतं आणि ते सहसा बदलत नाही, असं असेल तर स्प्रिंट उपयोगी पडतात. ठरावीक दिवशी दाखवायचं आहे म्हटल्यावर काम आपोआप लहान तुकड्यांत पाडलं जातं. क्लायंटलाही कधी विचारायचं ते कळतं.

काम तुटक येत असेल, म्हणजे तीन-चार क्लायंट, जुन्या सिस्टिमची देखभाल, रोजचे बग, तर दोन आठवड्यांची योजना तिसऱ्याच दिवशी मोडते. तिथे कानबान बरा. टोयोटाच्या कारखान्यातली ही पद्धत डेव्हिड अँडरसन यांनी २००० नंतरच्या दशकात सॉफ्टवेअरसाठी मांडली. तिचा गाभा साधा आहे: काम कुठल्या टप्प्यांतून जातं ते बोर्डवर मांडा, प्रत्येक टप्प्यात एका वेळी किती कामं चालतील याला मर्यादा घाला, आणि जागा रिकामी झाली की पुढचं काम ओढा.

बहुतेक छोट्या टीमना मी दोन्हींची सरमिसळ सुचवतो. रोजचं काम कानबानसारखं वाहतं ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी वापरणाऱ्यांना दाखवण्याचा दिवस ठरलेला ठेवा. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कोड लिहिण्याच्या सवयींवर भर देणाऱ्या अ‍ॅजाइल पद्धतीतून आपोआप चालणाऱ्या टेस्ट आणि दिवसातून अनेकदा कोड एकत्र करण्याची सवय उचला. केंट बेक यांनी १९९० च्या दशकात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या सिस्टिमवर काम करताना ही पद्धत घडवली. छोट्या टीमला तिचा जितका उपयोग होतो तितका मीटिंगांच्या कुठल्याही वेळापत्रकाचा होत नाही, तरी तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

स्क्रम मास्टर नेमायला आमच्याकडे माणूस नाही.

स्क्रम मास्टर म्हणजे टीमची पद्धत नीट चालतेय ना ते पाहणारा. त्यासाठी वेगळा माणूस नकोच. कोड लिहिणाऱ्यांपैकी एकाने ही जबाबदारी घ्यावी, गाइडलाही ते मान्य आहे. दर महिन्या-दोन महिन्यांनी ती फिरवा. त्या काळात त्याने दोनच गोष्टी पाहायच्या: कुणाचं काम कशामुळे अडलंय, आणि आपण ठरवलेले नियम आपण पाळतोय का. ही जबाबदारी कायम मालकाकडे किंवा टीम लीडकडे ठेवू नका. ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याच्यासमोर अडचण सांगताना लोक हात राखून बोलतात.

आणि प्रॉडक्ट ओनर? आमच्याकडे क्लायंटच सगळं सांगतो.

इथे मात्र सूट घेऊ नका. पुढचं काम कुठलं, याचं उत्तर देणारी एकच व्यक्ती, म्हणजेच प्रॉडक्ट ओनर, हवी. क्लायंटकडून तिघे जण सांगणारे असतील तर छोटी टीम महिन्याभरात थकते, कारण तिघांचंही काम तातडीचं असतं आणि नाही म्हणायची जबाबदारी सगळ्यात तरुण डेव्हलपरवर येऊन पडते.

शक्यतो क्लायंटच्या बाजूची एक व्यक्ती ठरवून घ्या आणि ते पहिल्याच बैठकीत बोला. तिला आठवड्यातून तास-दोन तास देता आले पाहिजेत आणि निर्णय घेण्याचा अधिकार पाहिजे. तसं कुणी मिळत नसेल तर तुमच्यातल्या एकाने ती बाजू घ्यावी: क्लायंटच्या सगळ्या मागण्या त्याच्याकडे याव्यात, त्याने त्यांचा क्रम लावावा आणि तो क्रम क्लायंटकडून लेखी मान्य करून घ्यावा. लेखी म्हणजे दोन ओळींचा मेसेज पुरे. पुढे तातडीचं नवं काम आलं की ‘करतो’ किंवा ‘जमणार नाही’ म्हणायची गरजच नाही. यादी समोर ठेवायची आणि याच्यासाठी कुठलं काम मागे ढकलू, एवढं विचारायचं.

मालक स्वतः कोडही लिहितो आणि क्रमही ठरवतो, असं अनेक ठिकाणी असतं. चालतं ते. फक्त त्याने दोन्ही कामं एकाच मिनिटाला करू नयेत. कोड लिहिता लिहिता सुचलेली कल्पना यादीच्या तळाला जावी आणि पुढच्या प्लॅनिंगला इतर कामांबरोबर तोलली जावी.

स्प्रिंट किती आठवड्यांचा ठेवावा?

एक किंवा दोन. महिन्याचा नको. चार जणांच्या टीममध्ये महिनाभर चुकीच्या दिशेने केलेलं काम भरून काढायला कुणी मोकळं नसतं.

रोजचा स्टँडअप आवश्यक आहे का?

एका खोलीत बसणाऱ्या तिघांना नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करणाऱ्या तिघांना आहे.

घ्यायचाच तर बोर्डसमोर घ्या आणि माणसामाणसाने फिरण्याऐवजी कामाकामाने फिरा. संपायला सगळ्यात जवळ असलेल्या कामापासून सुरुवात करा: हे आज संपवायला काय लागेल, कोण मदत करेल? काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन ठरलेले प्रश्न २०२० च्या गाइडमधून काढून टाकले आहेत, आणि ते योग्यच झालं. त्या प्रश्नांनी प्रत्येक जण आपण किती व्यस्त आहोत ते सांगत बसतो आणि अडकलेलं काम तसंच राहतं.

टीम वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये असेल तर लेखी स्टँडअप पुरतो. मात्र आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बोलावं. लेखी अपडेटमध्ये ‘चालू आहे’ हे दोन शब्द सलग सहा दिवस येऊ शकतात आणि कुणाला खटकत नाहीत.

एका वेळी किती कामं हातात घ्यावीत?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. आपल्या कामाच्या भाषेत तो असा: हातातल्या कामांची सरासरी संख्या भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. तुमच्या बोर्डवर १२ कामं चालू आहेत आणि आठवड्याला ६ संपतात, तर प्रत्येक कामाला सरासरी २ आठवडे लागतात. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं ६ वर आणली, तर तेच काम एका आठवड्यात बाहेर पडतं. कुणी जास्त तास बसलेलं नाही, कुणी घाई केलेली नाही.

प्रत्यक्षात वेगही थोडा वाढतो, कारण एका कामातून दुसऱ्यात डोकं घालण्यात जाणारा वेळ वाचतो. शिवाय दोन दिवसांपूर्वी लिहिलेल्या कोडमधला बग शोधणं तीन आठवड्यांपूर्वीच्या कोडपेक्षा कितीतरी सोपं.

चार जणांसाठी सुरुवातीची मर्यादा चार किंवा पाच कामांची ठेवा आणि कोड तपासणी किंवा टेस्टिंगसाठी थांबलेली कामंही त्यात मोजा. मर्यादा गाठली आणि एखादा मोकळा झाला तर त्याने नवं काम उचलू नये. दुसऱ्याचा कोड तपासावा, टेस्ट लिहावी, अडलेल्याच्या शेजारी बसावं. पहिले दोन आठवडे हे फार जड जातं. रिकामा दिसण्याची भीती खरी असते, आणि मालकाला माणूस वाया जातोय असं वाटतं. म्हणून मालकाला हा हिशेब आधीच दाखवून ठेवा.

काम ‘झालं’ कधी म्हणायचं?

टीमने एकदा बसून पाच-सहा ओळींत ठरवावं आणि बोर्डवर चिकटवून ठेवावं. माझ्या मते किमान हे हवं: दुसऱ्या कुणीतरी कोड वाचला, टेस्ट चालल्या, मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये) कोड गेला, वापरणाऱ्याला पाहता येईल अशा ठिकाणी तो चढला, आणि मागणी करणाऱ्याने पाहून होकार दिला. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे झालं नव्हे. ‘नव्वद टक्के झालं’ हेही नव्हे. बोर्डवर काम झालेलं असतं किंवा झालेलं नसतं. टक्केवारी लिहायची सोयच ठेवू नका.

आमच्याकडे टेस्टर नाही.

मग टेस्टिंग सगळ्यांचं काम आहे. ज्याने कोड लिहिला त्याने सोडून दुसऱ्याने हाताने तपासावं. ज्या चार-पाच वाटा बंद पडल्या तर ग्राहकाचा धंदा थांबतो (लॉगिन, पैसे भरणं, मुख्य अहवाल), त्यांच्यावर आपोआप चालणाऱ्या टेस्ट आधी लिहा. सगळ्या कोडवर टेस्ट लिहायच्या म्हणून ठरवलं तर छोटी टीम मध्येच दमते आणि नेमक्या महत्त्वाच्या वाटा उघड्या राहतात.

स्टोरी पॉइंट वापरावेत का?

स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, हे अनेकांना माहीत नसतं. प्लॅनिंग पोकरची, म्हणजे प्रत्येकाने आपल्या अंदाजाचा आकडा एकाच वेळी दाखवायची, पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली. तिचा खरा फायदा आकड्यात नाही. एक जण २ म्हणतो आणि दुसरा १३, तेव्हा दोघांच्या डोक्यात वेगवेगळं काम आहे हे उघड होतं. त्या बोलण्यासाठी पॉइंट वापरत असाल तर जरूर वापरा. पण ते क्लायंटला दाखवू नका आणि माणसांची तुलना करायला तर कधीच नको.

छोट्या टीमसाठी याहून सोपं म्हणजे कामं साधारण सारख्या आकाराची पाडायची, एक ते तीन दिवसांत संपतील अशी, आणि नुसती मोजायची.

पण क्लायंट तारीख मागतो. त्याला काय सांगायचं?

मोजलेल्या कामांवरून सांगायचं. समजा गेल्या आठ आठवड्यांत तुमची ३, ५, ४, ६, २, ५, ४, ३ कामं संपली. एकूण ३२, आठवड्याला सरासरी ४. यादीत ४० कामं उरली आहेत, म्हणजे सरासरीने १० आठवडे. पण हा एकच आकडा देऊ नका. सलग चार आठवड्यांचा सगळ्यात चांगला पट्टा १८ कामांचा आहे, सगळ्यात मंद १४ चा. त्यांवरून ९ ते १२ आठवडे असा अंदाज येतो. क्लायंटला दोन्ही टोकं सांगा आणि दर दोन आठवड्यांनी नव्या आकड्यांवरून सुधारून कळवा. यादी वाढली की तारीख किती सरकते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मग वाद तुमच्या वेगावर होत नाही, यादीत काय ठेवायचं यावर होतो.

करारात तारीख आणि पैसे दोन्ही पक्के असतील तर बदलता येणारी एकच गोष्ट उरते: काय काय करायचं. ती करारातच मोकळी ठेवून घ्या. ज्याच्याशिवाय सिस्टिम सुरूच होऊ शकत नाही ते आधी, सोयीचं नंतर. तारीख आली तेव्हा हातात चालणारी सिस्टिम असते आणि राहिलेल्या गोष्टी तुलनेने किरकोळ असतात. क्लायंटला हे पटवणं सोपं नाही, पण दर पंधरा दिवसांनी चालणारी गोष्ट दिसू लागली की विश्वास बसत जातो.

मध्येच येणाऱ्या बगचं आणि सपोर्टच्या कामाचं काय करावं?

ते येणार आहे हे धरूनच योजना करा. गेल्या दोन महिन्यांत अशा कामात किती वेळ गेला ते पाहा. एक चतुर्थांश गेला असेल तर प्लॅनिंगमध्ये तीन चतुर्थांशच भरा. दुसरं म्हणजे दर आठवड्याला एकाला सपोर्टवर ठेवा. फोन, मेसेज, बग सगळं त्याच्याकडे. बाकीचे सलग काम करू शकतात. आणि पाळी फिरत राहिल्यामुळे सिस्टिमचा प्रत्येक कोपरा प्रत्येकाला कधी ना कधी पाहावा लागतो. ज्ञान एकाच डोक्यात अडकून राहण्यावर हा चांगला उतारा आहे. दुसरा म्हणजे नाजूक भागावर दोघांनी एकत्र बसून काम करणं.

रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये बोलण्यासारखं काही उरत नाही. बंद करू का?

नका. सगळ्यात आधी हीच मीटिंग गळते आणि तिच्याबरोबर सुधारण्याची जागाही. बोलणं खुंटलंय याचं कारण बहुधा असं असतं की मागच्या वेळी ठरलेलं काहीच झालं नाही, म्हणून लोकांनी सांगणं सोडलं. एका रेट्रोमधून एकच बदल निवडा. तो इतर कामांसारखा बोर्डवर टाका, नाव लिहा आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात त्याचं काय झालं यापासून करा. अर्धा तास पुरतो. चौघांच्या टीममध्ये ‘कुणाचं चुकलं’ हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे बोलणं माणसावर न नेता घडलेल्या गोष्टीवर ठेवायची काळजी इथे जास्तच घ्यावी लागते.

तांत्रिक कर्ज फेडायला वेळच मिळत नाही.

तांत्रिक कर्ज म्हणजे घाईत लिहिलेला, पुढे कधीतरी नीट करावा लागणारा कोड. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये ही कर्जाची उपमा वापरली आणि ती चपखल आहे: मुद्दल ठेवलं तर व्याज प्रत्येक नव्या कामात द्यावं लागतं. त्यासाठी वेगळा महिना मागू नका, तो मिळत नाही. ज्या फाइलला आज हात लावायचाच आहे, ती थोडी नीट करून ठेवा आणि तो वेळ त्या कामाचाच भाग धरा. जिथे कुणी वर्षभर फिरकलेलं नाही तिथला वाईट कोड तसाच राहू द्या.

कुठलं टूल घ्यावं? कागदपत्रं किती ठेवावीत?

बोर्ड दिसेल असं कुठलंही टूल. भिंतीवरच्या चिठ्ठ्याही चालतात. एखादं काम नोंदवायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर टूलमधले रकाने कमी करा. कागदपत्रांचं म्हणाल तर नव्या माणसाला एका दिवसात सिस्टिम चालू करता येईल एवढी माहिती, आणि मोठे निर्णय का घेतले त्याच्या चार-चार ओळी.

चालू प्रोजेक्टच्या मध्येच सुरुवात कशी करावी?

पहिल्या आठवड्यात फक्त बोर्ड करा आणि खरोखर चालू असलेलं सगळं त्यावर लावा, तोंडी कबूल केलेलंही. दुसऱ्या आठवड्यात मर्यादा ठरवा. आधीची कामं त्या मर्यादेत येईपर्यंत नवं काही सुरू करू नका. मग ‘झालं’ची व्याख्या, मग दाखवण्याचा दिवस, मग रेट्रो. एकदम सगळं बदललं तर काय उपयोगी पडलं आणि काय नाही, ते कळायला मार्ग राहत नाही.

टीम सहावरून दहावर जातेय. काय बदलेल?

आधी काही काळ वेग कमी होईल, हे गृहीत धरा. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं आणि ते आजही खरं ठरतं. नव्याला शिकवणारा जुनाच असतो. म्हणून एकदम चौघांना घेण्यापेक्षा दोन-दोन करून घ्या.

दहापर्यंत एक टीम चालू शकते, गाइडही साधारण तेवढीच मर्यादा सांगतं. पण सात-आठच्या पुढे स्टँडअपला अर्धे लोक दुसऱ्यांच्या कामाबद्दल नुसतं ऐकत असतात. तसं दिसू लागलं की दोन टीम करा. त्या करताना फ्रंटएंडची (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाची) एक आणि बॅकएंडची (मागे चालणाऱ्या भागाची) एक अशी विभागणी टाळा, कारण मग प्रत्येक कामाला दुसऱ्या टीमची वाट पाहावी लागते. ऑर्डर घेण्याचा भाग एकीकडे, हिशेबाचा दुसरीकडे, अशी प्रॉडक्टच्या भागांनुसार वाटणी करा. म्हणजे प्रत्येक टीमला आपलं काम शेवटपर्यंत नेऊन स्वतःच्या वापरकर्त्यांना दाखवता येईल. सपोर्टची पाळी पहिले काही महिने दोन्ही टीममध्ये सामाईक ठेवा. तोपर्यंत कुठला बग कुणाच्या भागातला हे पुरतं स्पष्ट झालेलं नसतं.